कोविड-१९ साथकाळातील पीएम-किसान अर्थसाहाय्य

कोविड-१९ साथकाळातील पीएम-किसान अर्थसाहाय्य म्हणजे २०२० आणि २०२१ या वर्षांत भारत सरकारने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (पीएम-किसान) या योजनेमार्फत भूधारक शेतकरी कुटुंबांच्या बँक खात्यांत थेट जमा केलेली रोख मदत होय. मूळ योजना साथीच्या एक वर्ष आधीपासून चालू होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर तिचा पुढील हप्ता लवकर देण्याचा निर्णय झाला आणि तो प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजचा एक भाग म्हणून जाहीर करण्यात आला. हप्ता २,००० रुपयांचाच होता. साथीमुळे त्यात वाढ झाली नाही आणि लाभार्थ्यांच्या व्याख्येतही बदल झाला नाही. त्यामुळे या मदतीचा वेग आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून आल्या: शेतकरी कोण हे ठरविण्यासाठी शासनाकडे आधीच तयार असलेली यादी, आणि त्या यादीचा आधार असलेली जमिनीच्या मालकीची नोंद.

पूर्वपीठिका

पीएम-किसान योजनेची घोषणा १ फेब्रुवारी २०१९ रोजी अंतरिम अर्थसंकल्पात झाली आणि २४ फेब्रुवारी २०१९ रोजी उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे तिचा प्रारंभ झाला. ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू मानण्यात आली. पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, असे तिचे स्वरूप आहे. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे हप्त्यांचे तीन कालखंड आहेत. प्रारंभी दोन हेक्टरपर्यंत जमीन असणारी कुटुंबेच पात्र होती. जून २०१९ पासून क्षेत्राची अट काढण्यात आली. मात्र काही वर्ग वगळलेले राहिले: आयकर भरणारे, घटनात्मक पदांवरील आजी-माजी व्यक्ती, शासकीय सेवेतील आजी-माजी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांसारखे व्यावसायिक आणि संस्थात्मक भूधारक.

योजनेच्या दृष्टीने ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. ही व्याख्या ग्रामीण व्यवहारातील कुटुंबापेक्षा लहान आहे. एका चुलीवर जेवणारे तीन विवाहित भाऊ योजनेत तीन कुटुंबे ठरतात, परंतु तिघांचीही नावे जमिनीच्या अभिलेखात असतील तरच. १ फेब्रुवारी २०१९ ही त्यासाठीची निर्णायक तारीख होय. त्या दिवशी ज्यांची नावे अभिलेखात होती ते पात्र ठरले. त्यानंतर खरेदी किंवा बक्षीसपत्राने जमीन मिळालेल्यांना पाच वर्षे लाभ नाकारण्यात आला. वारसाहक्काने झालेले हस्तांतर तेवढे अपवाद मानले गेले.

टाळेबंदी आणि शेतमाल

२५ मार्च २०२० पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. हा काळ रब्बीच्या काढणीचा होता. महाराष्ट्रात नाशिक व सांगली भागांत द्राक्षांचा हंगाम शेवटच्या टप्प्यात होता, कोकणात हापूस बाजारात येऊ लागला होता आणि विदर्भ-मराठवाड्यात अनेकांच्या घरांत कापूस विक्रीची वाट पाहत पडून होता. केंद्रीय गृह मंत्रालयाने २७ मार्च रोजी शेतीची कामे, बाजार समित्या आणि खते-बियाणांची दुकाने यांना टाळेबंदीतून सूट दिली. परंतु कागदावरील सूट आणि रस्त्यावरील वाहतूक यांत अंतर राहिले. मजूर नव्हते, मालमोटारी मिळत नव्हत्या, उपाहारगृहे, लग्नसमारंभ आणि देवस्थाने बंद असल्याने फळे, फुले व दूध यांची मागणी एकाएकी घटली. मे महिन्यात रुग्ण आढळल्यानंतर नवी मुंबईतील वाशीची बाजार समितीही ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावी लागली.

दुधाच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने वेगळा मार्ग घेतला. मागणी घटल्याने पडलेले दर सावरण्यासाठी दररोज १० लाख लिटरपर्यंत दूध प्रतिलिटर २५ रुपये दराने विकत घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय मार्च २०२० च्या अखेरीस झाला. येथे मदतीचा आधार उत्पादन हा होता, म्हणजे ज्याच्याकडे दूध आहे त्याला भाव. पीएम-किसानची मदत याहून मुळातच निराळी आहे. तिचा त्या हंगामातील पिकाशी, भावाशी किंवा नुकसानीशी काहीही संबंध नाही. द्राक्षाची बाग मातीमोल भावाने विकणारा आणि गहू घरात भरून निश्चिंत असणारा, दोघांनाही सारखेच २,००० रुपये मिळाले.

घोषणा आणि वाटप

२६ मार्च २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १.७० लाख कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. २०२०-२१ या वर्षातील पीएम-किसानचा पहिला हप्ता एप्रिल महिन्यातच देण्यात येईल आणि त्याचा लाभ ८.७ कोटी शेतकऱ्यांना होईल, असे त्यात सांगण्यात आले. याच पॅकेजमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये, शिधापत्रिकेवर मोफत धान्य व डाळ, आणि मनरेगाच्या सरासरी मजुरीत १८२ रुपयांवरून २०२ रुपयांपर्यंत वाढ या तरतुदी होत्या.

वाटप लवकर झाले, हे मान्य करावेच लागते. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार मे २०२० च्या प्रारंभापर्यंत ८.१९ कोटी लाभार्थ्यांच्या खात्यांत १६,३९४ कोटी रुपये जमा झाले होते आणि सप्टेंबरपर्यंत ही संख्या ८.९४ कोटी व रक्कम १७,८९१ कोटी झाली. एवढ्या लोकांचे नव्याने अर्ज मागवून, छाननी करून मदत द्यायची म्हटले असते, तर टाळेबंदीच्या काळात ते केवळ अशक्य होते. यादी, बँक खाती आणि आधार क्रमांक आधीच जुळलेले होते, म्हणूनच एका आदेशासरशी पैसे निघू शकले.

खात्यात पैसे जमा होणे आणि ते हाती येणे यांमध्ये मात्र बँकेची शाखा होती. अनेक गावांपासून ती दूर होती आणि एस. टी. बंद होती. जनधन खात्यांतील रकमेसाठी बँकांनी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार वार ठरवून दिले. पीएम-किसानच्या लाभार्थ्यांची गर्दीही त्याच रांगांत मिसळली. बँक मित्र आणि टपाल खात्याची आधार-आधारित पैसे देण्याची सोय यांचा या काळात पुष्कळ उपयोग झाला. पोस्टमन बोटाचा ठसा घेऊन घरपोच रक्कम देऊ शकत होता.

त्यानंतरचे हप्ते नेहमीच्या क्रमाने आले. ९ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे १७,००० कोटी रुपये ८.५ कोटी शेतकऱ्यांना, २५ डिसेंबर २०२० रोजी सुमारे १८,००० कोटी रुपये ९ कोटींहून अधिक शेतकऱ्यांना आणि १४ मे २०२१ रोजी, दुसरी लाट भरात असताना, १९,००० कोटींहून अधिक रक्कम सुमारे ९.५ कोटी शेतकऱ्यांना देण्यात आली. मे २०२१ च्या हप्त्यात पश्चिम बंगालमधील शेतकरी प्रथमच समाविष्ट झाले. तोवर ते राज्य योजनेबाहेर होते आणि तेथे राज्याची स्वतःची कृषकबंधू योजना चालू होती. म्हणजे साथीच्या पहिल्या वर्षात केवळ राज्याच्या सीमेमुळे एका मोठ्या शेतकरीवर्गाला ही मदत मिळाली नाही.

नवा पैसा की आगाऊ हप्ता

पॅकेजमध्ये मोजला गेलेला एप्रिल २०२० चा हप्ता साथ आली नसती तरीही द्यावयाचाच होता. एप्रिल ते जुलै हा त्याचा कालखंड असल्याने तो फार तर तीन महिने आधी दिला गेला. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात, म्हणजे साथीच्या आधीच, योजनेसाठी ७५,००० कोटी रुपयांची तरतूद झाली होती. वर्षअखेरीच्या सुधारित अंदाजात ही रक्कम ६५,००० कोटींवर आली. याच वर्षी मनरेगाची तरतूद ६१,५०० कोटींवरून सुधारित अंदाजात १,११,५०० कोटींवर गेली. साथीच्या वर्षात मजुरीच्या योजनेवरील खर्च वाढला आणि शेतकऱ्यांच्या रोख मदतीवरील खर्च ठरविल्यापेक्षा कमी झाला, ही तुलना पॅकेजच्या घोषणेपेक्षा अधिक बोलकी आहे.

खर्च घटण्याचे कारण रक्कम कापली गेली हे नव्हते. योजना सर्व भूधारकांना खुली करताना सुमारे १४.५ कोटी कुटुंबे पात्र ठरतील असा अंदाज होता. हा आकडा मुख्यतः कृषिगणनेतील वहितीखातेदारांच्या संख्येशी जुळतो. प्रत्यक्षात नोंदणी त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच राहिली. काही जण नियमाने वगळले गेले, काहींनी नोंदणी केली नाही, काही राज्ये उशिरा आली आणि काहींची कागदपत्रे जुळली नाहीत.

तरीही हप्ता आगाऊ देण्याला काहीच अर्थ नव्हता असे म्हणणे चुकीचे ठरेल. शेतकऱ्याच्या वर्षात पैशाची चणचण ठरावीक वेळी येते. रब्बीचा माल विकला न जाता खरीप तोंडावर येतो, तेव्हा सावकाराकडे जाण्याची वेळ हीच असते. जुलैमध्ये मिळणारे २,००० रुपये आणि एप्रिल-मेमध्ये मिळणारे २,००० रुपये यांची किंमत सारखी नसते. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी उत्तर भारतातील शेतकऱ्यांच्या पाहणीवरून असा निष्कर्ष काढला की, साथकाळात हस्तांतराची रक्कम मिळालेल्यांना बियाणे व खते यांवर खर्च करणे तुलनेने सुलभ झाले.

दोन हजार रुपयांचे मोल

२०२० च्या खरिपात बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची शासनाने ठरविलेली कमाल किंमत ७३० रुपये होती आणि युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपये ५० पैशांना मिळत असे. दोन पाकिटे बियाणे आणि दोन गोण्या युरिया यांचे १,९९३ रुपये होतात. म्हणजे एका हप्त्यात साधारण एक एकर कापसाचे बियाणे व थोडे खत येते आणि सात रुपये उरतात. नांगरट, निंदणी, फवारणी आणि वेचणी यांसाठी त्यात काहीही नाही.

उलट बाजूने पाहिले तर वार्षिक ६,००० रुपये म्हणजे दरमहा ५०० रुपये, दररोज साडेसोळा रुपयांहून किंचित कमी. पाच माणसांच्या घरात माणशी रोज सव्वातीन रुपयांच्या आसपास. एवढ्या रकमेने कुटुंबाचे उत्पन्न बदलत नाही. परंतु रोखीचा सर्व ओघ बंद झालेल्या महिन्यात किराणा दुकानाची उधारी फेडण्यास किंवा औषधांस ती उपयोगी पडली, यात शंका नाही.

रकमेचे मोल महागाईनेही ठरते. मे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारातील दरवाढीमुळे डीएपी खताच्या गोणीची अनुदानापूर्वीची किंमत १,७०० रुपयांवरून २,४०० रुपयांवर गेली. जुन्या अनुदानाने गोणी १,९०० रुपयांना पडली असती, म्हणजे आठवा हप्ता जेमतेम एका गोणीला पुरला असता. १९ मे रोजी केंद्राने प्रतिगोणी अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपये केले आणि गोणीची किंमत पुन्हा १,२०० रुपयांवर आली. खताच्या या एका निर्णयातून शेतकऱ्याचे वाचलेले पैसे, तीन गोण्या घेणाऱ्याच्या बाबतीत, पीएम-किसानच्या हप्त्याहून अधिक होते.

सर्वांना सारखी रक्कम देण्याचा एक परिणाम लहान शेतकऱ्याच्या बाजूने जातो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहितीक्षेत्र १.०८ हेक्टर आणि महाराष्ट्रातील १.३४ हेक्टर आहे. देशातील ८६ टक्के वहिती दोन हेक्टरांहून लहान आहेत. एका एकराच्या मालकाला एकरी २,००० रुपये पडतात, तर २० एकरांच्या मालकाला एकरी १०० रुपये. तेलंगणच्या रयतु बंधू योजनेत साथकाळात एकरी ५,००० रुपये प्रतिहंगाम दिले जात. तेथे २० एकरांच्या मालकाला एका हंगामात एक लाख रुपये मिळत. शेती किती आहे यावर रक्कम ठरविली की मोठ्याला जास्त, हे ओघानेच येते.

नोंदीबाहेरचे शेतकरी

योजनेची सर्वांत मोठी उणीव रकमेत नसून लाभार्थ्याच्या व्याख्येत आहे. ‘शेतकरी’ म्हणजे अभिलेखात ज्याच्या नावे जमीन आहे तो, असे योजनेने मानले. जमीन कोण कसतो हे तिने विचारले नाही. साथकाळात हा भेद विशेष टोचणारा ठरला, कारण पिकाचे नुकसान कसणाऱ्याचे झाले आणि मदत मालकाला गेली.

महाराष्ट्रात बटाई, अर्धेली, वाटा, खंड, ठोका अशा निरनिराळ्या नावांनी दुसऱ्याची जमीन कसण्याची पद्धत सर्वत्र आहे. हे करार बहुधा तोंडी असतात आणि त्याला इतिहास आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे हजारो कुळे जमिनींची मालक झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासातील ती मोठीच घटना होय. परंतु त्याच कायद्यामुळे कुळाचे नाव कागदावर आले तर जमीन जाईल ही भीती मालकांच्या मनात कायमची बसली. परिणामी आजचा बटाईदार कोणत्याही नोंदीत दिसत नाही. त्याला पीक कर्ज मिळणे कठीण, नुकसानभरपाई मिळणे कठीण आणि पीएम-किसान तर मिळतच नाही. कालच्या कुळाला संरक्षण देणाऱ्या कायद्याने आजच्या कुळाला अदृश्य करावे, हा या कथेतील विचित्र योगायोग आहे. निती आयोगाने टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या आधारे २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचविला होता. त्याचा एक उद्देश मालकी सुरक्षित ठेवून कसणाऱ्याची नोंद शक्य करणे हा होता.

बटाईदारांना सामावून घेणे अशक्य नाही, हे इतर राज्यांनी दाखविले होते. ओडिशाच्या कालिया योजनेत, जी पीएम-किसानच्या थोडी आधीची, भागाने शेती करणारे आणि भूमिहीन शेतमजूर यांचाही विचार होता. आंध्र प्रदेशच्या रयतु भरोसा योजनेत अनुसूचित जाती, जमाती, मागास व अल्पसंख्याक समाजांतील भाडेकरू शेतकऱ्यांना लाभ देण्यात आला.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही. शेतीतील निंदणी, खुरपणी, लावणी, वेचणी ही कामे प्रामुख्याने त्याच करतात, परंतु कृषिगणनेनुसार देशातील वहितीखात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावे आहेत. महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला होता आणि शासनानेही पुढे त्याला प्रोत्साहन दिले. ज्या घरांत तसे झाले नाही, तेथे पती हयात असेपर्यंत हप्ता त्याच्या खात्यात येतो आणि तो गेल्यावर थांबतो. पत्नीला आधी वारसनोंद करून घ्यावी लागते: तलाठ्याकडे अर्ज, फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत आणि नंतर मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन. त्यानंतर योजनेत नव्याने नोंदणी. दुसऱ्या लाटेत घरचा खातेदार गमावलेल्या स्त्रियांपुढे, इतर सर्व अडचणींबरोबर, ही वाटही उभी राहिली. सासरच्या मंडळींची हरकत आली तर ती आणखी लांबते.

एकत्र कुटुंबांच्या जुन्या नोंदींनीही काहींना बाहेर ठेवले. अनेक सातबाऱ्यांवर ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता म्हणून एकाच भावाचे नाव असते. इतर भाऊ पिढ्यान्‌पिढ्या आपापला वाटा कसत असले तरी त्यांची नावे अभिलेखात नसतात. गावाला वाटणी ठाऊक असते, संगणकाला नसते.

शेतमजूर तर योजनेच्या कक्षेत कधीच नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शेतकरी सुमारे सव्वा कोटी आणि शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख होते. म्हणजे शेतीवर जगणाऱ्यांतील मोठा भाग या मदतीबाहेर राहिला. त्यांना मोफत धान्य, मनरेगाचे काम आणि घरातील स्त्रीचे जनधन खाते असल्यास तीन महिन्यांचे मिळून १,५०० रुपये एवढाच आधार होता. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात गेलेले ऊसतोड कामगार टाळेबंदीत कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. एप्रिलच्या मध्यावर राज्य शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे गावी कोरडवाहू तुकडा होता त्यांना २,००० रुपये मिळाले आणि शेजारच्या कोपीतील भूमिहीन जोडप्याला मिळाले नाहीत, असे चित्र एकाच तळावर असणे शक्य होते.

अपात्र लाभार्थी आणि वसुली

जे बाहेर राहिले त्यांच्याबरोबर, जे चुकीने आत आले त्यांचाही प्रश्न साथकाळातच पुढे आला. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरात ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना मिळून सुमारे २,९९२ कोटी रुपये दिले गेले होते. आसाम, तमिळनाडू व पंजाब यांच्यानंतर महाराष्ट्राचा क्रम होता. राज्यात अशा व्यक्ती सुमारे साडेचार लाख होत्या. तमिळनाडूत २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संकेतस्थळावरील नोंदणीच्या सोयीचा गैरवापर करून शेतकरी नसलेल्यांची नावे घुसविल्याचे उघडकीस आले आणि त्याचा तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण शाखेकडे गेला.

महाराष्ट्रातील अपात्रांत आयकर भरणाऱ्यांचा भाग मोठा होता. तहसील कार्यालयांनी त्यांना रक्कम परत करण्याच्या नोटिसा बजावल्या. यांत जाणूनबुजून लाभ घेणारे होते, तसेच निकष न वाचता भरलेल्या अर्जांमुळे अडकलेलेही होते. यादी अचूक नसेल तर वेगाने दिलेला पैसा चुकीच्या ठिकाणीही तितक्याच वेगाने जातो.

नावांतील तफावत हा त्रास याहून साधा, पण व्यापक होता. सातबारा मराठीत, आधार आणि बँकेचे खाते इंग्रजीत. ‘ज्ञानेश्वर’, ‘दत्तात्रय’, ‘यशवंत’ अशा नावांची रोमन लिपीतील रूपे जितके लिहिणारे तितकी. डिसेंबर २०१९ पासूनच्या हप्त्यांना आधार-जुळणी आवश्यक झाल्याने एका अक्षराच्या फरकानेही हप्ता अडकत असे. दुरुस्तीची सोय संकेतस्थळावर आणि सेवा केंद्रांत होती, परंतु टाळेबंदीत सेवा केंद्रेही बहुतांशी बंद होती.

अन्य देशातील पद्धतीशी तुलना

साथकाळात शेतकऱ्यांना रोख मदत देणारा भारत एकटाच देश नव्हता. अमेरिकेच्या कृषी खात्याने १७ एप्रिल २०२० रोजी कोरोना विषाणू अन्न साहाय्य कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या १९ अब्ज डॉलरपैकी १६ अब्ज डॉलर उत्पादकांना थेट देण्यासाठी होते. तेथे मदतीचा आधार मालकी हा नव्हता. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव पाच टक्के किंवा अधिक घसरला, त्या मालाच्या उत्पादकाला त्याच्या साठ्यानुसार किंवा विक्रीनुसार रक्कम मिळत असे. जमीन भाड्याने कसणाराही, पिकातील जोखीम त्याची असेल तर, पात्र होता. नुकसानीची माहिती उत्पादकाने स्वतः प्रमाणित करावयाची होती. प्रतिव्यक्ती मर्यादा २,५०,००० डॉलर इतकी मोठी असल्याने मोठ्या उत्पादकांच्या वाट्याला मोठ्या रकमा गेल्या, अशी टीका तेथे झाली.

दोन्ही देशांतील शेतीचे आकार आणि शासनाची साधने इतकी भिन्न आहेत की रकमांची तुलना निरर्थक आहे. तत्त्वाची तुलना मात्र करता येते. नुकसानीनुसार दिलेली मदत खऱ्या झळीच्या जवळ जाते, पण जो मोठा त्याचे नुकसान मोठे आणि म्हणून त्याची मदतही मोठी. सरसकट सारखी रक्कम लहानाला न्याय देते, पण ज्याचे काही बिघडले नाही त्यालाही ती तेवढीच मिळते.

नंतरचे बदल

साथ ओसरल्यावर पात्रतेची छाननी कडक झाली. आधारशी निगडित ई-केवायसी आणि जमिनीच्या अभिलेखाची जोडणी अनिवार्य करण्यात आली. १ जानेवारी २०२२ च्या दहाव्या हप्त्याच्या वेळी १० कोटींहून अधिक असलेली लाभार्थी संख्या १७ ऑक्टोबर २०२२ च्या बाराव्या हप्त्यात सुमारे ८ कोटींपर्यंत घटली. या घटीत अपात्र वगळले गेले, तसेच केवळ ई-केवायसी न झालेले पात्र शेतकरीही तात्पुरते बाहेर पडले.

महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून केंद्राच्या ६,००० रुपयांत राज्याचे आणखी ६,००० रुपये मिळविले. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे वितरित झाला. रक्कम दुप्पट झाली, मात्र लाभार्थ्यांची यादी पीएम-किसानचीच ठेवण्यात आली. त्यामुळे बटाईदार आणि शेतमजूर राज्याच्या योजनेतही आलेले नाहीत.